खोक्यांवरचे राजा-राणी

अमावास्येच्या दुपारी गिरिजाकाकी लाकडी राजा-राणीला कडेवर घेऊन मधल्या खोलीच्या दारात उभी होती. आत शिरायला वाट नव्हती. मानाजीकाकांनी ऑनलाइन मागवलेल्या खोक्यांनी खोली भरली होती आणि त्यातलं एकही खोकं फोडलेलं नव्हतं.

"उद्या नवरात्र बसतं," काकी म्हणाली. "माझ्या आईनं लग्नात दिलेली ही जोडी. इथं जागा नसली तर हिनकलला भावाकडे मांडते. आणि ही दोघं बसतील तिथंच मी बसेन. दसरा झाल्यावरही. कळलं ना?"

काकांना कळलं. ते म्हैसूरच्या नजरबाद भागातल्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. शेवटची नोटीस कशी दिसते हे त्यांना ठाऊक होतं.

"खोक्यांत आहे तरी काय?" मी विचारलं. मी पुतण्या. हेब्बाळच्या एका कंपनीत कामाला, राहायला काकांकडे.

"असेल काहीतरी लागणारंच," काका म्हणाले. "नाहीतर मी मागवलं असतं का?"

म्हैसुरात दसऱ्याला घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात. मी म्हटलं, फळ्या कशाला, खोक्यांच्याच पायऱ्या करू. मी थट्टा करत होतो. आमच्या घरात थट्टा कुणाला ओळखू येत नाही. संध्याकाळपर्यंत सात पायऱ्या उभ्या होत्या. पायऱ्या विषमच लागतात. वर काकांचं धोतर अंथरलं. ते पुरेना, म्हणून खालचा पुठ्ठा उघडाच राहिला. सगळ्यांत वर राजा-राणी बसले, मुकुट जवळजवळ छताला टेकवून.

"दहाव्या दिवशी यांना निजवीपर्यंत एक खोकं हलायचं नाही," काकी म्हणाली. आपली भरलेली बॅग मात्र तिनं दाराआड तशीच ठेवली.

मग दिवस पाण्याखालून चालल्यासारखे गेले. दुपारी पडद्यातून हळदीच्या रंगाचा उजेड यायचा. उदबत्तीचा धूर एकेक पायरी चढायचा, मध्येच एखाद्या बाहुलीपाशी थांबायचा, काहीतरी विचारल्यासारखं करून पुढं जायचा. काका खालच्या पायरीशी वेताच्या खुर्चीत बसून असत. खोक्यांतल्या वस्तू श्वास घेतात असं ते म्हणत. मलाही तसं ऐकू येऊ लागलं होतं, पण मला कामावर जायचं असे.

बेल सारखी वाजे. "गोंबे कूर्सिद्दीरा?" म्हणजे बाहुल्या बसवल्यात का, असं विचारत गल्लीतल्या बायका येत. समोरच्या कमलाक्षीअम्मा चष्मा वर करून पुठ्ठ्याकडे बघत राहिल्या.

"कुणी रामायण मांडलंय, कुणी मिरवणूक. मानाजीराव, तुमचं हे काय?"

"वस्तू झोपल्यात," काका म्हणाले.

"छान," अम्मा म्हणाल्या, आणि कुणी जागं होऊ नये अशा बेतानं देवीचं एक पद म्हटलं.

बातमी पसरली. लोक दबक्या पावलांनी येऊ लागले. एका गृहस्थांनी खोक्याला कान लावला आणि समाधानानं मान हलवली. दार प्रत्येक वेळी काकाच उघडत. इतक्या दिवसांत त्यांनी मोबाइल हातात घेतला नव्हता. काकीच्या ते लक्षात आलं. प्रसादाच्या उसळीत खोबरं जास्त पडायला लागलं.

नवमीला बेल वाजली आणि दारात कुरिअरवाला होता, अमावास्येआधी मागवलेलं खोकं घेऊन.

"मानाजीराव कोण?"

"मी," काका म्हणाले. त्यांचा चेहरा समई लावल्यासारखा झाला. हात पुढे गेले. काकी स्वयंपाकघरातून आली आणि दाराआडच्या बॅगेपाशी उभी राहिली.

"हे घेतलं तर आठ पायऱ्या होतात," काका पुटपुटले. "आठ चालत नाहीत."

"आणखी एक मागवा, नऊ होतील," कुरिअरवाला म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता.

काकांना ते पटलेलं दिसलं. काकीनं बॅग उचलली.

"थांब, गिरिजा," काका म्हणाले. "कचेरीत दिवसभर लोक माझं नाव विचारत यायचे. मानाजीराव कोण, मानाजीराव कुठं बसतात. आता हा एकटाच विचारतो. मी 'मी' म्हटलं की माझं काम झालं. खोकं आपलं मागं उरतं."

"मग खोकं कशाला आत घेता? माणसाला घ्या."

काकांनी खोकं परत न्यायला सांगितलं. मग त्यांनी कुरिअरवाल्याचं नाव विचारलं. जयतीर्थ. इतकी वर्षं येत होता, नाव आज कळलं. जयतीर्थ दोन वाट्या उसळ खाऊन गेला.

दहाव्या दिवशी राजा-राणी पेटीत निजले. पायऱ्यांची परत खोकी झाली.

"उद्यापासून बेल कोण वाजवणार?" काकांनी विचारलं. हात खिशातल्या मोबाइलवर होता.

"बेल बाहेरून वाजते, अल्वा, हो की नाही?" काकी म्हणाली. "मग बाहेर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बगलेत खोकं मारून समोर गेले आणि बेल वाजवली.

"कमलाक्षीअम्मा कोण?"

"मीच की. लग्न होऊन आले तेव्हापासून मीच आहे."

"पार्सल आहे तुमचं."

अम्मांनी फोडलं. आतून घोड्याला चोळायचा खरारा निघाला.

"आमच्याकडे घोडा नाही, मानाजीराव."

"आमच्याकडेही नाही. पणजोबांकडे होता. म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत होते ते."

"मग बसून सांगा," अम्मा म्हणाल्या आणि कॉफी टाकायला गेल्या.

तेव्हापासून काका रोज एक खोकं आणि एक दार घेतात. कधी संध्याकाळी मोबाइल उघडून एखाद्या वस्तूवर बोट धरून बसतात. मग उठून चपला घालतात.

परवा हिनकलहून काकीच्या भावाचा फोन आला, कधी येतेस म्हणून.

"सध्या नाही जमायचं," काकी म्हणाली. "मधल्या खोलीत खोक्यांखालून फरशी निघाली आहे. लाल आहे. ती पुसतेय."