ब्रिनच्या मॉर्गनचं मत

आमच्या खोऱ्यात मॉर्गन पॅरी नावाची दोन माणसं होती आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. इथे नावं मोजकी आणि माणसं फार, म्हणून ज्याला त्याला शेताच्या नावाने ओळखायचं. टेकडीवरच्या ब्रिन शेताचा तो ब्रिनचा मॉर्गन, खाली ओढ्याकाठच्या वेर्नचा तो वेर्नचा मॉर्गन. हा फरक आमच्या कुत्र्यांनासुद्धा कळायचा. कळला नाही तो फक्त एका कारकुनाला, आणि तेवढ्याने दोन घरांची घडी विस्कटली.

ती १८६८ची निवडणूक. त्याआधी बेचाळीस वर्षं आमच्या मतदारसंघात मतदान म्हणून झालंच नव्हतं. हवेलीतले साहेब ज्याचं नाव सुचवतील तो बिनविरोध लंडनच्या संसदेत जाई आणि आम्ही आमच्या मेंढ्या कातरत बसू. त्या वर्षी लहान शेतकऱ्यांनाही मत मिळालं आणि चॅपेलच्या, म्हणजे साहेबांच्या चर्चपासून वेगळी प्रार्थना करणाऱ्या, लोकांनी धीर करून आपला माणूस उभा केला, मिस्टर प्रॉबर्ट. साहेबांकडून त्यांचा भाचा होता, कॅप्टन डेलमार. तेव्हा मत गुपचूप द्यायची सोय नव्हती. बाजारगावच्या चौकात लाकडी मांडव घालत. पायऱ्या चढून वर जायचं, आपलं नाव सांगायचं, उमेदवाराचं नाव घ्यायचं, की कारकून ते वहीत लिहून घेई. पुढे त्याचं पुस्तक छापून निघे. कुणी कुणाला मत दिलं, ते ओळीने सगळं. ते पुस्तक सगळ्यात आधी कोण वाचत असेल? अर्थात साहेबांचा कारभारी.

वेर्नसारखंच ब्रिन शेतही साहेबांच्या मालकीचं होतं. मॉर्गनच्या पणजोबापासून कूळ तेच, पण करार वर्षावर्षाचा. शेताभोवतीच्या दगडी बांधातला निम्मा तरी त्याने स्वतःच्या हाताने रचलेला होता. मतदानाच्या आदल्या दिवशी त्याची बायको लाउरी ओटच्या भाकऱ्या भाजत होती.

“उद्या मनाला पटेल तेच नाव घ्या,” ती म्हणाली.

“आणि शेत?”

“गेलं तर गेलं. आपल्याला ना मूल ना बाळ, दोन पोटं कुठेही भरतील. पण त्या कॅप्टनचं नाव घेऊन आलात तर मी तुमच्याकडे मान वर करून बघू शकणार नाही.”

“तुला बोलायला काय जातंय.”

“माझंही घर आहेच की हे,” लाउरी म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी मांडवाची तिसरी पायरी चढेपर्यंत मॉर्गनच्या जिभेवर प्रॉबर्टचंच नाव होतं. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही, होतंच. पण वर पोचल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर आपला बांध आला, बांधाच्या कोपऱ्यातली आपल्या बापाने लावलेली फाटकाची जोडी दिसली, आणि तो म्हणाला, “कॅप्टन डेलमार.” इतक्या बारीक आवाजात, की कारकुनाला पुन्हा विचारावं लागलं. खाली गर्दीचा नुसता गोंगाट, त्यामुळे बाकी कुणालाच काही ऐकू गेलं नाही. कारभारी त्या वेळी खानावळीत मटणावर ताव मारत होता. मॉर्गनच्या मागोमाग वेर्नचा मॉर्गन चढला आणि त्याने प्रॉबर्टचं नाव घेतलं. कारकून इंग्लंडहून आणलेला, आमच्या भाषेचा गंध नाही. यादीत एकाखाली एक दोन मॉर्गन पॅरी बघून तो गोंधळला. एकाचं मत त्याने दुसऱ्याच्या नावापुढे लिहिलं, दुसऱ्याचं पहिल्याच्या.

“काय झालं?” घरी आल्यावर लाउरीने विचारलं.

“प्रॉबर्ट येणार असं दिसतंय,” मॉर्गन म्हणाला. ते खोटं नव्हतं. प्रॉबर्ट एकसष्ट मतांनी निवडून आला.

जानेवारीत पुस्तक निघालं आणि आठवड्याभरात ब्रिनवर नोटीस आली. पंचवीस मार्चला शेत रिकामं करावं. त्या महिन्यात खोऱ्यात एकूण नऊ घरांना अशा नोटिसा आल्या. लाउरीने कागद दोनदा वाचला. मग तो टेबलावर ठेवून तिने मॉर्गनचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“मला इतके दिवस धाकधूक होती,” ती म्हणाली. “तुम्ही काही बोलतच नव्हतात. मला वाटलं, घाबरलात की काय. देव माफ करो मला.”

मॉर्गनने टेबलावरचा कागद उचलून खिशात घातला.

रात्रभर त्याने विचार केला. कारभाऱ्याकडे जाऊन एवढंच सांगायचं होतं की पुस्तकात चूक आहे. शेत वाचलं असतं. सकाळी तो निघाला, तर ओढ्यावरच्या पुलाशी वेर्नचा मॉर्गन कठड्याला टेकून उभा.

“पुस्तक बघितलंस?” वेर्नच्या मॉर्गनने विचारलं.

“बघितलं.”

“माझ्या नावापुढे कॅप्टन लिहिलाय. चॅपेलमध्ये माझ्या बाकावर आता कुणी बसत नाही. रविवारी पाद्रीबुवांनी गुरूला दगा देणाऱ्या यहूदाची गोष्ट वाचली, ती माझ्याकडे बघत.” तो कठड्यापासून सरळ झाला. “म्हणजे कॅप्टनचं नाव तू घेतलंस तर.”

“हो.”

“मग तोंड शिवलंय का तुझं? जा की कारभाऱ्याकडे.”

“तिकडेच निघालोय,” ब्रिनचा मॉर्गन म्हणाला. “आणि तू इथे काय करतोयस?”

“मीही तिकडेच. खरं काय ते सांगावं म्हणून. आजची तिसरी खेप. या पुलापर्यंत येतो आणि पाय पुढे पडत नाही. घरात पाच पोरं आहेत रे. बायकोने सप्टेंबरपासून अंथरूण सोडलेलं नाही. तिला थंडीत कुठे नेऊ?”

एवढा धिप्पाड गडी, पण बोलता बोलता रडायला लागला.

“माघारी जा,” ब्रिनचा मॉर्गन म्हणाला. “मीही जातो.”

“का?”

“कारभाऱ्याला सांगायचं तर आधी लाउरीला सांगावं लागेल.”

लोकांना हे कळलं असतं तर त्यांनी त्याला फार मोठा त्याग म्हटलं असतं. मी म्हणणार नाही. त्या पोरांची दया किती आणि बायकोच्या नजरेची भीती किती, ते त्याचं त्यालाही कधी कळलं नाही.

पंचवीस मार्चला चॅपेलच्या लोकांनी गाडी जुंपून दिली आणि एक जाडजूड बायबल भेट दिलं. आत सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, मॉर्गन पॅरी, ब्रिन, यांनी सद्सद्विवेकाला स्मरून मत दिल्याबद्दल. लाउरीने ते गाडीत मांडीवर घेतलं आणि घराकडे एकदाही वळून पाहिलं नाही. मॉर्गन पाहत राहिला. वळणावर शेवटचा बांध दिसेनासा झाला तेव्हा त्याला आपण फार नीच माणूस आहोत असं वाटलं.

पुढे स्लेटच्या खाणीत त्याने दगडांच्या ढिगाऱ्यावर हातगाडी ढकलली. लाउरी लोकांचे कपडे धुवायची. बायबल खिडकीत असायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. शेताबरोबर मतही गेलं होतं, कारण मत असे ते शेतकऱ्याला, मजुराला नव्हे. चार वर्षांनी गुप्त मतदानाचा कायदा आला. त्यानंतरच्या दोन निवडणुका मॉर्गनने रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितल्या. छापील पुस्तकात त्याच्या नावावर एकच मत होतं आणि ते त्याने दिलेलं नव्हतं.

१८८५ला मजुरांना मत मिळालं. मॉर्गन तेव्हा बासष्टचा होता. लाउरीने त्याच्या कॉलरला इस्त्री केली आणि त्याच्याबरोबर शाळेपर्यंत चालत आली. बायकांना आत काही काम नव्हतं, म्हणून ती दाराशी उभी राहिली. उमेदवार पुन्हा प्रॉबर्टच होता, आता पांढऱ्या दाढीचा. रांगेत मागे वेर्नचा मॉर्गन होता. दोघांनी एकमेकांकडे बघून नुसती मान हलवली. सतरा वर्षांत त्यांच्यात याहून जास्त बोलणं झालं नव्हतं.

मॉर्गनने फळ्यांच्या आडोशाला जाऊन दोरीने बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली. कागदाची घडी घालून तो पेटीशी आला. टेबलामागे शाळामास्तर बसले होते. मॉर्गनने कागद पेटीत टाकला, टोपी काढली, ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “प्रॉबर्ट.”

मास्तर दचकले. “मॉर्गनकाका, नाव घ्यायचं नाही. ती जुनी पद्धत गेली. आता मत कुणालाही कळता कामा नये.”

रांगेतली पोरंसोरं हसली. म्हाताऱ्याची जुनी सवय, दुसरं काय. वेर्नचा मॉर्गन हसला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

लाउरीने दारातून सगळं ऐकलं होतं. मॉर्गन बाहेर आला तेव्हा तिचा चेहरा अभिमानाने फुललेला होता.

“तेव्हाही असंच ठणकावून सांगितलं असेल ना?” तिने विचारलं.

मॉर्गनने तिचा हात धरला. धुण्याच्या सोड्याने तो हात खरखरीत झालेला होता.

“चल,” तो म्हणाला, “वारं सुटलंय.”