पोट्टीची झोप कोणी मोडली

मी भित्रा माणूस आहो. घराले कुलूप लावलं का चारदा ओढून पाहतो, अन् बसस्टँडवरून वापस येऊन पाचव्यांदा ओढतो. फोन वाजला का आधी घाम सुटते, मंग तोंडातून हॅलो निघते. लग्नात हार घालायच्या वेळी मले चक्कर आली, तं लोक म्हणे, नवरदेव लय भावूक आहे.

या भित्रेपणाचं कारण मले पस्तिसाव्या वर्षी सापडलं. आमची पोट्टी चार महिन्यांची. तिले सुई टोचायले चिखलीले नेलं, तं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाची झोप मोडू देऊ नका. झोपेतच मेंदू घडतो. लहानपणी झोपू दिलं नाही तर उंदीर मोठेपणी घाबरट होतात, मेंदूतली रसायनंच बदलतात, असं प्रयोगात दिसलंय. माणसांचं अजून पक्कं नाही." शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाई. अरे बाप्पा, तो उंदीर म्हंजे मीच!

माहे बाबा, पंजाबराव, अमडापुरात भोंगे अन् अँप्लिफायर दुरुस्त करतात. दुकान म्हंजे घराचीच समोरची खोली. माहा पाळणा तिथंच टांगलेला असे. "हॅलो, चेक, हॅलो" हे मी अंगाईच्या आधी ऐकलं. गुन्हेगार घरातच होता.

घरी आल्याबरोबर मी बाबाले सुनावलं, "तुमच्या भोंग्यानं माही झोप खाल्ली, माहं डोस्कं बिघडलं. आता पोट्टीचं बिघडू देणार नाई!" बाबानं हातातलं काम ठेवलं अन् शटर ओढून घेतलं. पोट्टी माह्यासारखी होऊ नये, एवढंच मले पाहिजे होतं, खरं सांगतो.

तरी पोट्टी दिवसभर किरकिर करे. झोप धड नाई, दूध धड नाई. मंजुश्री, माही बायको, वैतागून गेली. पोट्टी कधी उठली, कोणामुळे उठली, हे तिनं आठवडाभर वहीत लिहून ठेवलं. मी खूश. पुरावा जमा होऊन राह्यला होता.

रविवारी दुपारी तिनं वही माह्या हातात देली. दूधवाला, एकदा. शेजारचा कोंबडा, दोनदा. अन् मंग पानभर मीच. "श्वास पाहायले नाकाखाली बोट धरलं." "पंखा कमी केला." "पंखा वाढवला." "झोपली का, असं तिलेच विचारलं." "छान झोपली म्हणून मुका घेतला." एकवीस वेळा! भोंग्याचं नाव कुठंच नाई. कसं असणार, दुकान तं आठ दिवसांपासून बंदच होतं.

माही माय, सिंधूताई, बाजूले लसूण सोलत होती. आधी हसली, मंग हसता हसता थांबली.

"तुह्या बापानं तुले भोंग्यानं नाई उठवलं रे," ती म्हणे. "हातानं उठवलं. तुह्या आधीचा एक झोपेतच गेला, पाच महिन्यांचा. तुले झोपलेलं पाह्यलं का यांचा जीव थाऱ्यावर नसे. घडीघडी येऊन हालवून पाहत. भोंगा चालू असला का तू मस्त झोपे."

हे मले आजवर कोणी सांगतलं नव्हतं. मले रडू आलं, अन् स्वतःची लय लाज वाटली. बाबा बंद दुकानात अंधारात बसले होते, तिथं गेलो.

"बाबा, चुकलं माहं. भोंगा चालू करा."

"पोट्टी उठीन ना."

"नाई उठत."

बाबानं भोंग्याकडे हात नेला, अन् मधेच थांबवला. मंग हळूच म्हणे, "आता झोपली आहे ना? पाह्यलं का तू?"

"दहा मिनिटं झाले पाहून."

"दहा मिनिटं?"

दोघंही उठलो. खोलीच्या दाराले मंजुश्रीनं आतून कडी लावून घेतली होती.

"श्वास चालू आहे," ती आतूनच म्हणे. "तुमी दोघं जा अन् दुकान उघडा."

आम्ही गेलो. बाबानं माहा हात धरला होता, अन् ते माह्यापेक्षा जास्त वेळा मांगं वळून पाहत होते.