चार अक्षरं, पाच घरं

दमलेय हो मी, म्हणून बसूनच बोलते. मी स्ट्रिंग. संगणकाच्या एका भाषेत मजकूर ठेवायची जी जागा असते, ती मी. नावं, पत्ते, शिव्या, सगळं माझ्याच पोटात.

माझा जन्म जपानच्या क्यूशू बेटावरचा, किनाऱ्यावरच्या एका गावातला. ही भाषा तात्सुरो योशिताके यांनी घडवली, तेव्हा ते ऐन तिशीत होते. माझ्या पोटात त्यांनी एकाच मापाची घरं आखली आणि ठरवून टाकलं, एका अक्षराला एक घर.

"आणि तुमच्या आडनावाचं काय?" सोबत काम करणाऱ्या मिनाकाता-सान, म्हणजे मिनाकाताबाई, म्हणाल्या. "त्यातलं पहिलं अक्षर, तुमचं ते 'योशी', दुर्मीळ वळणाचं. एका घरात मावत नाही, त्याला दोन घरं लागतील."

"ते मी साध्या वळणानं लिहितो. चालतं."

चालतं! या एका शब्दानं माझ्या आयुष्याची माती केली.

साध्या 'योशी'त वरची आडवी रेघ लांब आणि तिच्या खालची आखूड. योशिताकेंच्या घराण्यात उलटं. एवढाच काय तो फरक. वीस वर्षं मी शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळीकडे राबले, कुणाची तक्रार नव्हती.

मग तात्सुरोंच्या आई, फुमिए-सान, अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या, इथे ते वय मानाचं. गावच्या कचेरीनं मानपत्र पाठवलं. त्यावर नाव उभं छापतात, एकाखाली एक अक्षर. छापणारा प्रोग्रॅम माझ्याकडे एकेक अक्षर मागत गेला आणि मी मेली घरं मोजून देत गेले. इथल्या लिपीत आडनाव आधी धरून सबंध नाव चार अक्षरांचं, मी दिली पाच. पहिल्या अक्षराचे दोन तुकडे झाले आणि कागदावर उमटले दोन काळे चौकोन.

काचबिंदूनं फुमिए-सानची नजर विझत आली होती. त्यांनी भिंग लावून पाहिलं.

"अरे तात्सु, हे काय? या नावात लग्न करून आले मी. साठ वर्षं दुकानाच्या पाटीवर तेच होतं. डोळे जायच्या आत एकदा नीट बघू दे की रे!"

शरमेनं मेले मी.

"स्ट्रिंग बदलू या," दुसऱ्या दिवशी तात्सुरो म्हणाले.

"आत्ता सुचतंय होय?" मिनाकाता-सान म्हणाल्या. "हजारो प्रोग्रॅम हिच्या मोजणीवर चाललेत. हिला हात लावलात तर सगळे झोपतील. राहू दे ही कोपऱ्यात. दुसरी घडवा."

म्हणजे आणली सवत! माणसाला दिसतं तसं अक्षर मोजणारी. तिला घडवायला चौदा महिने लागले.

पुढचं मला कळलं ते तात्सुरोंनी मिनाकाता-सानना लिहिलेल्या मेलमधून. मेल अजून माझ्याच पोटातून जातात ना! नवं मानपत्र घेऊन ते धावत घरी गेले, त्यावर चारही अक्षरं अखंड होती. पण तोवर आईला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्यांनी तळहात पुढे केला. अक्षर समजावायचं तर इथे तळहातावर बोटानं गिरवतात.

"लिही बघू," त्या म्हणाल्या.

तात्सुरोंनी गिरवलं. वर लांब, खाली आखूड. इतक्या वर्षांची बोटांची सवय.

"हे आपलं नाही रे," आई म्हणाल्या. रागावल्या नाहीत. मुलाचा हात उलटा करून त्याच्या तळव्यावर त्यांनी सावकाश गिरवलं. वर आखूड, खाली लांब.

त्या मेलच्या शेवटी तात्सुरोंनी पहिल्यांदाच आपलं आडनाव घरच्या वळणानं लिहिलं होतं. माझ्याकडे ते दोन घरांत पडलं, पण शेजारी-शेजारी. मी ते जसंच्या तसं पोचवलं.

माझं, या म्हाताऱ्या स्ट्रिंगचं, एवढंच ऐका. माझ्याकडून कुणाचं नाव घ्यायचं असेल, तर सबंध घ्या. मला मोजायला लावू नका.