सातव्या हिरवळीचा उतार

"काका, आज होल मधोमध ठेवा, सपाटीला. तुमची कारागिरी नको!" सुपरवायझर गाडीतूनच ओरडला. "अध्यक्षसाहेब आणि आराखडेवाल्या मॅडम खेळायला येतायत. साहेबांचा चेंडू आत गेला पाहिजे, बस्स."

"हो हो," काका म्हणाले. हो म्हणायला काय जातं! चौतीस वर्षं ते हो म्हणतच आले होते.

गाडी झाडांआड गेली तसे ते सातव्या हिरवळीवर गुडघे टेकून बसले. गोल्फ क्लबाच्या मैदानात अशा अठरा हिरवळी, प्रत्येकीत चेंडू घालायला एक होल, पण काकांचा जीव हिच्यात. एकाच जागी गवत तुडवलं जाऊ नये म्हणून रोज सकाळी नव्या जागी होल पाडायचं आणि तिथून निघालेला मातीचा गोळा कालच्या होलात बसवायचा, हे त्यांचं काम. पायाने असा दाबायचा की सांधा शोधून सापडू नये.

ही हिरवळ घडली तेव्हा काका खोदकामावर होते. तेव्हाच्या आराखडेवाल्या म्हाताऱ्याला उतार काही केल्या जुळेना. काकांनी न राहवून डाव्या अंगाला बादलीभर पाणी ओतलं. पाणी टेकाडाला वळसा घालून बरोबर मागच्या कोपऱ्यात उतरलं. म्हाताऱ्याने हातातला कागद टराटरा फाडला आणि पाण्याच्या वाटेवरून नवा उतार आखला. "गड्या, हा उतार तुझा," म्हणाला. नकाशावर सही मात्र म्हाताऱ्याची एकट्याची. म्हातारा गेला, नकाशा ऑफिसात टांगला गेला, आणि ही गोष्ट काकांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक राहिली नाही.

आता मैदान नव्याने आखायचं होतं. सातवी ठेवायची की उखडायची, ते आज ठरणार होतं.

"अहो, आज तरी तोंड उघडा," बायको सकाळीच म्हणाली होती. "उतार कुणाचा ते एकदा कळू दे की लोकांना!"

"सांगायला कशाला हवं? बाई जाणकार आहेत. बघितलं की आपणहून विचारतील."

पण बघणार कशा? मधोमध होल ठेवलं तर हिरवळीत आणि अंगणात फरक तो काय राहिला? काकांनी कटर उचललं आणि होल पाडलं ते थेट मागच्या कोपऱ्यात. सरळ मारलात तर चेंडू पुढच्या चढावरून पायाशी परत. डावीकडे, होलाकडे पाठ केल्यासारखा मारलात, तर टेकाडावरून वळून आपसूक आत. सगळी गंमत त्यातच होती.

अकराच्या सुमारास मंडळी आली. काका झारी घेऊन कडेला उभे राहिले.

अध्यक्षांनी सरळ मारला. चेंडू परत. पुन्हा मारला, पुन्हा परत. चौथ्या खेपेला मागे कुणीतरी हसू दाबायला खोकलं आणि साहेबांचे कान लाल झाले.

"इथे होल कुणी ठेवलं?" मॅडमनी विचारलं.

काका लगबगीने पुढे झाले. "मी, बाई. साहेब, डावीकडे मारा ना. टेकाडावरून आपोआप येतो बघा."

"वा! आता गवत कापणारे मला खेळ शिकवणार!"

सगळे हसले. साहेबांनी हट्टाने सरळच हाणला. चेंडू हिरवळ ओलांडून पलीकडच्या वाळूत पडला.

मॅडमची नजर क्षणभर डाव्या टेकाडावर रेंगाळली. मग त्यांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, नकाशा उघडला आणि सातव्या हिरवळीवर लाल फुली मारली. "सपाट करून घेऊ. पाणीही साचत असेल इथे."

"साचत नाही हो बाई! एक थेंब नाही—"

मंडळी आठव्या हिरवळीकडे निघूनही गेली होती.

सुपरवायझर तेवढा थांबला. "काय सांगितलं होतं मी? चेंडू आत गेला असता तर साहेब खुशीत 'राहू दे' म्हणणार होते. तसं ठरलंच होतं जवळजवळ! स्वतःच्या हातांनी घालवलीत काका. उद्या सकाळी मशीन लागतंय."

काकांनी झारी खाली ठेवली. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

दुपारी सगळीकडे सामसूम झाल्यावर त्यांनी बादली भरून आणली आणि डाव्या अंगाला ओतली. पाणी टेकाडाला वळसा घालून निघालं, कोपऱ्यात आलं, आणि होलात उतरलं. चौतीस वर्षांत वाट तसूभर हलली नव्हती. हे पाहायला तिथे कुणी नव्हतं.

सवयीने त्यांनी होल बुजवायला कटर हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं. उद्याचं होल पाडायचं नव्हतं. मग बुजवायला गोळा आणायचा कुठून? होल तसंच उघडं टाकून ते घरी गेले.

बायको दारातच उभी होती. "काय हो? विचारलं का बाईंनी?"

"विचारलं."

"खरं? काय विचारलं?"

"हे कुणी केलं, म्हणून. सगळ्यांसमोर."

"मग? सांगितलंत ना?"

"सांगितलं, मीच केलं म्हणून."

"सुटले बाई एकदाची!" तिचे डोळे भरून आले. "चहा टाकते. हात धुऊन या."

काका मोरीत गेले आणि नळाखाली हात धरून उभे राहिले. माती केव्हाच निघून गेली होती. आतून बायकोने दोनदा हाक मारली तरी त्यांनी नळ बंद केला नाही.