गुलाबी रंगाखालच्या तीन ओळी

नाक जवळ आणलंत ना मित्रांनो, तर माझ्या अंगाला अजूनही शाईचा वास येईल. आता हळूच मागे व्हा, नाहीतर नाकाला काळं लागेल आणि घरी तुमची चंपी होईल! मी धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या चर्चच्या, कार्यालयातलं सायक्लोस्टाइल यंत्र, हँडल फिरवून प्रती काढायचं. सध्या मागच्या अडगळीच्या खोलीत असते. शेजारी तीन पायांचं बाक आणि वाकडा मेणबत्तीदान. दोघंही तसे भले, पण बोलायला शून्य. म्हणून आज तुम्हाला धरलंय.

कारखान्यातून मी लाकडी खोक्यात, गवताच्या गादीवर बसून आले. माझा ढोल असा चकचकीत, की टायपिस्टताई त्यात पाहून भांग नीट करायची. पहिल्या दिवशी बिशपसाहेबांनी स्वतः माझं हँडल फिरवलं आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर शाईचा हा एवढा फराटा उठला. सगळे श्वास रोखून उभे. बिशपसाहेब म्हणाले, "चला, यंत्राचाही बाप्तिस्मा झाला आणि माझाही!" केवढे हसले सगळे!

वर्षाला चार अंक निघायचे. नाताळआधीच्या आगमनकाळाचा, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा म्हणजे लेंटचा, मग खुद्द ईस्टरचा आणि शेवटी सुगीच्या उपकारस्तुतीचा. ताई टाइपरायटरची रिबन बाजूला सारून मेणकागदावर अक्षरं ठोकायची. अक्षर पडलं, की मेण फाटून तिथे बारीकशी खिडकी व्हायची. तो कागद माझ्या ढोलावर चढवला, की त्या खिडक्यांतून शाई झिरपायची. चूक झाली तर गुलाबी रंगाची बाटली होती. नखांना लावतात तसा ब्रश. एक हात मारला, की खिडकी बंद!

हँडल फिरवायचे शाईकाका. त्यांची बोटं इतकी काळी, की चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला हात पुढे करताना त्यांना लाज वाटायची. "तू माझी अब्रू घेणार," असं मला म्हणायचे आणि मग आपल्याच रुमालाने मला पुसायचे.

पण सांगायची गोष्ट आहे शेवटच्या पानाची. त्याचं नाव 'मंडळ्यांची खबर'; मंडळी म्हणजे एकेका चर्चची माणसं. पहिल्या पानावर बिशपसाहेबांचं पत्र, मग नेमणुका, मुलांच्या दृढीकरणविधीच्या तारखा. शेवटी मात्र लहान लहान चर्चची दोन-तीन ओळींची बातमी. तो अंक प्रत्येक चर्चमध्ये रविवारी मोठ्याने वाचायचे आणि ज्या मंडळीचं नाव आलं, तिच्यासाठी सगळीकडे प्रार्थना व्हायची. नुसती प्रार्थना नाही हं! एकदा एका चर्चने कळवलं, "आमच्या घंटेचा दोर तुटला." महिन्याभरात तीन गावांहून तीन दोर हजर. एका घंटेला तीन दोर! शाईकाका पोट धरून हसले होते.

टेकडीवरच्या चर्चचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, हे आमच्या टायपिस्टताईचे बाबा. त्यांची खबर पेन्सिलीने यायची. अक्षर असं, जणू मुंग्या रांग सोडून पळाल्यात. ते फक्त ताईलाच लागायचं. सुरुवात ठरलेली, "प्रभूत सलाम." मग कुणाचा बाप्तिस्मा झाला, कोण आजारी आहे आणि घुबडाने पुन्हा घरटं कुठे केलंय, ते.

एका वर्षी लेंटच्या अंकासाठी त्यांनी तीनच ओळी पाठवल्या. "वेदीवरच्या मोठ्या वाशाला तडा गेला आहे. तड्यात पोस्टकार्ड घातले तर आत जाते. कोणी जाणता सुतार पाहून गेल्यास बरे, प्रार्थना असावी."

ताईने त्या ओळी मेणकागदावर ठोकल्या. तेवढ्यात कार्यालयाचे सचिवसाहेब आले. माणूस वाईट नव्हता बरं का, पण जिभेला हाड नाही. शेवटच्या पानावर नजर टाकून म्हणाले, "वा ताई! आगमनात बाबा, लेंटमध्येही बाबा! हे धर्मप्रांताचं पत्रक आहे, की तुमच्या घरचं?"

खोलीतले सगळे हसले. साहेबही हसले आणि चहा प्यायला निघून गेले. त्यांच्या दृष्टीने गोष्ट तिथेच संपली.

ताईचे कान मात्र लालबुंद झाले. तिने गुलाबी बाटलीचं झाकण उघडलं.

"अगं, चेष्टा केली त्याने," शाईकाका म्हणाले. "राहू दे की."

"नको काका. उद्या कुणी म्हणायला नको, मुलीने वशिला लावला म्हणून."

"अगं, पण वासा..."

"ईस्टरला मी घरी जाणारच आहे. सुतार बरोबर घेऊनच जाते ना! आणि ईस्टरच्या अंकात टाकू. बाबांना काय, सवय आहे थांबायची."

तिने ब्रश फिरवला. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. मग फूऽऽ करून वाळवलं.

मित्रांनो, आता माझं पाप ऐका. मी तशी महाखोडकर. पावसाळी हवेत कागद चावायचे, भलत्या वेळी अडकायचे, शाईकाकांना रडकुंडीला आणायचे. तो गुलाबी पट्टा ढोलावर आला, तेव्हा जखमेवरच्या खपलीसारखा जाणवला. त्याखाली काय आहे, ते मला ठाऊक होतं. मी अडकायला हवं होतं! एकदा तरी! काकांनी पुन्हा विषय काढला असता, ताईने पुन्हा विचार केला असता. पण त्या दिवशी मी लोण्यासारखी फिरले. सहाशे प्रती झरझर. सहाशे पानांच्या तळाला तीन ओळींची पांढरी जागा.

टेकडीवर काय झालं, ते नंतर तिथल्या शिक्षकांच्या पत्रातून कळलं. रविवारी बाबांनी अंक वाचून दाखवला. शेवटचं पान संपलं. त्यांनी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं. "जागा पुरली नसेल," ते मंडळीला म्हणाले आणि गीताचा क्रमांक सांगितला.

लेंटच्या तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, ते वेदीपाशी मेणबत्त्या बदलत होते. वासा ईस्टरसाठी थांबला नाही.

कार्यालयात फोन वाजला तेव्हा शाईकाका माझा ढोल पुसत होते. ताईने नेहमीसारखा उचलला. "हॅलो, धर्मप्रांत कार्यालय..." एवढंच. काकांच्या हातातला रुमाल माझ्यावर तसाच राहिला.

बाबा वाचले. उजवा पाय मात्र गेला, आणि टेकडीच्या एकशे चाळीस पायऱ्याही त्याबरोबर गेल्या.

काही दिवसांनी सचिवसाहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. टोपी काढली, परत घातली. "ताई, मी... चेष्टा केली होती गं."

"मला माहीत आहे, साहेब," ताई म्हणाली. "खोडलं मी."

ईस्टरच्या अंकासाठी रुग्णालयातून पेन्सिलीचं पत्र आलं. "प्रभूत सलाम. पाळक बरा आहे. वासा पडला. प्रार्थना असावी." या वेळी ताईने अक्षरन् अक्षर ठोकलं. आणि काय सांगू, आठ दिवसांत टेकडीवर सात सुतार आले! एका वाशाला सात सुतार! पण शाईकाका या वेळी हसले नाहीत. वासा नवा झाला, छप्पर नवं झालं. त्याखाली नवे पाळक उभे राहिले. बाबा शेवटपर्यंत टेकडीच्या पायथ्याशी राहिले, खालून घंटा ऐकत.

गुलाबी बाटली ताईने परत कधी उघडली नाही. चूक झाली, की सगळा मेणकागद फाडून पहिल्यापासून ठोकायची.

मग वर्षं गेली. शाईकाका थकले, घरी गेले. झेरॉक्स आलं, त्यानंतर अंक मोबाइलवर जाऊ लागला आणि मी या खोलीत. सुरुवातीला वाटायचं, कुणी येईल, निदान धूळ तरी झटकेल. नाही आलं.

गेल्या महिन्यात मात्र ताई आली. केस पांढरे, निवृत्तीचा दिवस. वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने मेणकागद शाईकाकांनी माझ्या खालच्या फळीवर जपून ठेवले होते. तिने एकेक उघडला. लेंटचा तो कागद हाती आला, तेव्हा थांबली. खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

गुलाबी रंग वाळून वाळून तडकला होता, त्याचे पापुद्रे निघाले होते. त्या फटींतून अक्षरं दिसत होती. मुळात ती खोडली गेलीच नव्हती, नुसती झाकली होती. "तड्यात पोस्टकार्ड घातले तर आत जाते," ताईने हळूच वाचलं. मग पुन्हा वाचलं. कागद तिने घडी न घालता माझ्या ढोलावर ठेवला आणि जाताना आपल्या पदराने मला पुसलं. पदर काळा झाला. तिने पाहिलं, पण झटकला नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नको, संग्रहालयातली काचेची पेटीही नको. तुमच्या घरात, शाळेत, जिथे कुठे खबर येत असेल, तिथलं शेवटचं पान वाचा. आणि कुणी म्हणालं ना, की आमच्याकडे तडा गेलाय, तर लोक काय म्हणतील याचा विचार मागाहून करा. आधी एक पोस्टकार्ड घ्या आणि तिथे जाऊन ते आत जातंय का, बघा.