न मागितलेला टाइम-आउट

मी एक जुनी काशाची घंटा आहे. घंटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे देऊळ येतं, नाहीतर शाळा सुटल्याची धावपळ. मित्रांनो, माझ्या नशिबी यातलं काहीच नव्हतं. माझा जन्म स्वामीमलैचा. तिथे देवांच्या मूर्ती ओततात, आणि त्याच भट्टीवर घंटाही होतात. माझी भावंडं देवळांत गेली. माझा आवाज मात्र देवाच्या कानाला जरा कर्कश ठरला आणि मी मागे राहिले. मग कुंभकोणमच्या एका कॉलेजातून कुणी आलं, मला दोनदा हलवून बघितलं आणि म्हणालं, "मैदानाला अशीच हवी."

तेव्हापासून मी बास्केटबॉलची झाले. गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर माझी जागा आणि काम एकच. खेळ चालू असताना प्रशिक्षकाला आपल्या संघाशी मिनिटभर बोलायचं असलं, की तो दोन्ही हात जुळवून इंग्रजी टी अक्षराची खूण करतो. याला टाइम-आउट म्हणतात. खूण दिसली आणि चेंडू थांबला, की खेळसाहित्य सांभाळणारे नटराज मला उचलून दणकन वाजवायचे. पोरी धापा टाकत बाजूला यायच्या, पाणी प्यायच्या, घाम पुसायच्या, चार शब्द ऐकून पुन्हा मैदानात जायच्या. हरणारा संघ त्या मिनिटानंतर सावरताना मी कितीदा पाहिलाय! अशा वेळी मला माझ्या देवळातल्या भावंडांचा मुळीच हेवा वाटत नसे.

मध्ये काही वर्षं विजेचा भोंगा आला. मला कपाटात फाटक्या जाळ्यांखाली टाकलं. पण वीज गेली की भोंगा मुका व्हायचा, आणि आमच्याकडे वीज जायला फारसं निमित्त लागत नाही. शेवटी नटराजनी मला शोधून काढलं, चिंच लावून घासलं आणि टेबलावर आणून ठेवलं. माझा तोरा तेव्हा बघायला हवा होता.

माझ्या टेबलामागे पहिल्या पायरीवर एक बाई बसत. त्या वाणीअक्का. तरुणपणी याच मैदानावर खेळलेल्या, आता बँकेत नोकरी. मुलींच्या संघाचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही. तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आलेल्या घरांपैकी त्यांचं एक घर. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ. संघाचे प्रशिक्षक स्वामीनाथ सर त्यांच्याच गल्लीतले, त्याच मंडळींतले, त्यांच्याहून धाकटे. मैदानावर ती दोघं एकमेकांशी तमिळच बोलत, आणि सामन्याच्या शेवटाला तर अक्का नुसत्या ओरडतच.

अक्कांचं ओरडणं काही चुकीचं नव्हतं. स्वामीनाथ सर फार भला माणूस. पहाटे मैदान झाडायचे, मुलींच्या घोट्यांना स्वतः पट्ट्या बांधायचे. आठवडाभर साखळी सामन्यांत आमचा संघ सगळ्यांना लोळवायचा. रविवारी अंतिम सामना आला, की ये रे माझ्या मागल्या! शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत पुढे, आणि मग पराभव. ती दोन मिनिटं सर खुर्चीत हात बांधून बसून राहायचे. खेळाडू बदलायचे नाहीत, डाव बदलायचे नाहीत, टाइम-आउट मागायचे नाहीत. मी नटराजच्या हाताखाली ताटकळत असायची.

"टाइम-आउट केळुंगो सार!" अक्का बेंबीच्या देठापासून ओरडायच्या. टाइम-आउट मागा हो सर, असं ते तमिळ. पण पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा सामना संपल्यावर त्यांनी सरांना टेबलाशीच गाठलं. सर शांतपणे म्हणाले, "अक्का, आज रविवार. साडेचारपासून सहापर्यंत राहुकाळ. सुरू असलेलं काम चालू द्यावं, नवीन काही काढू नये. म्हणून तर मी सामना चारलाच सुरू करायला लावतो."

अक्का कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "समोरच्या संघाला लागत नाही का राहुकाळ?"

"त्यांचं त्यांना ठाऊक," सर म्हणाले.

आमच्या गावात राहुकाळ, म्हणजे रोज वेगळ्या वेळी येणारा तो अशुभ दीड तास, पाळणं नवल नाही. त्या वेळात कुणी नवी साडी नेसत नाही, प्रवासाला निघत नाही. पण चेंडू हातातून निसटत असताना राहुकाळ पाळणारा माणूस मी एवढा एकच पाहिला.

यंदा कॉलेजने जाहीर केलं की इतकी वर्षं चषक आलेला नाही. याही वर्षी आला नाही तर मुलींचा संघ बंद, आणि मैदानावर गाड्या उभ्या करायची छपरी. ऐकून मुली रडल्या. कर्णधार लावण्या रोज चोळपुरमहून बसने यायची. हा खेळ होता म्हणून तर घरच्यांनी तिला पुढे शिकू दिलं होतं. अक्का मात्र रडल्या नाहीत. त्या स्पर्धा भरवणाऱ्यांच्या घरी खेटे घालत राहिल्या, आणि शेवटी अंतिम सामना शनिवारी संध्याकाळी ठेवून घेतला. शनिवारचा राहुकाळ सकाळीच संपतो. आता सरांचे हात मोकळे होते.

त्या संध्याकाळी मी इतकी आशेवर होते की काय सांगू! समोर तिरुच्चीचा संघ. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा आम्ही तीन गुणांनी पुढे होतो. तिरुच्चीच्या मुली अंगावर धावून येऊ लागल्या, आणि आमच्या मुलींचे पाय जड झालेले मला टेबलावरून दिसत होते. त्यांनी एक बास्केट केली. आता एकाच गुणाची आघाडी.

मित्रांनो, इथे नियम समजून घ्या. समोरच्याने बास्केट केली की आपल्याला टाइम-आउट मागता येतो. आणि शेवटच्या दोन मिनिटांत तो घेतला, तर चेंडू आपल्या टोकापासून न आणता थेट पुढच्या अर्ध्या मैदानातून खेळात आणता येतो. म्हणजे पाणीही मिळतं आणि वाटही निम्मी होते. हे अक्कांना माहीत होतं, नटराजना माहीत होतं, मलाही माहीत होतं. आमचे दोन टाइम-आउट शिल्लक होते. नटराजनी मला उचलून धरलं.

"केळुंगो सार! केळुंगो!" अक्का पायरीवर उभ्या राहिल्या होत्या.

सरांनी हात उचलले. माझा जीव भांड्यात पडला. पण ते हात मध्येच थांबले, मग त्यांनी तोंडावरून फिरवले आणि पुन्हा बांधून घेतले. लावण्याने मागच्या टोकापासून चेंडू आत दिला आणि परत घेतला, तशा दोघी तिच्यावर तुटून पडल्या. तिने बाकाकडे बघितलं. बघतानाच चेंडू गेला. पुन्हा बास्केट. आता आम्ही एका गुणाने मागे. अजूनही वेळ होता, अजूनही मागता येत होतं. सर बसूनच राहिले. लावण्याने वैतागून लांबून चेंडू भिरकावला, तो कडीलाही लागला नाही. शिटी झाली आणि खेळ संपला. नटराजनी मला हळूच खाली ठेवलं, आवाज होऊ न देता.

पुढच्या आठवड्यात संघ बंद झाल्याचा कागद लागला. स्वामीनाथ सर साहित्याच्या खोलीत किल्ल्या परत द्यायला आले. लावण्याचा तिथे राहिलेला गणवेश तिला पोचवायला म्हणून अक्का आल्या होत्या. लावण्या स्वतः काही आली नाही. तिने कॉलेजच सोडलं होतं. मी फळीवर होते. मग अक्कांनी प्रथमच घरच्या भाषेत विचारलं.

"स्वामीनाथा, शनवार होता रे. आतां कोणता राहुकाळ होता?"

सर स्टुलावर बसले. तेही घरच्या भाषेत बोलले. "राहुकाळ कधींच नव्हता, अक्का. मी उगा सांगत होतों. वेळ मागितला कीं पांचही जणी येऊन माझं तोंड पाहतात. तेव्हां माझ्या डोसक्यांत कायहि नसतं. काय सांगूं त्यांना?"

अक्का आयुष्यभर ओरडल्या असतील, पण हे त्यांनी इतकं हळू सांगितलं की मला कान द्यावा लागला.

"कायहि सांगायचं नव्हतं रे. पाणी प्याल्या असत्या."

सरांनी किल्ल्या माझ्याशेजारी फळीवर ठेवल्या. अक्कांनी गणवेशाची घडी पिशवीत ठेवली आणि त्या निघून गेल्या. मैदानावर त्या परत आल्या नाहीत. यायला आता मैदानही उरलेलं नाही, छपरीचे खांब उभे राहिलेत.

आणि मी? मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आहे. दोसा तयार झाला की मला वाजवतात. दिवसभर वाजते मी, इतकी आयुष्यात कधी वाजले नव्हते. सगळे माझ्याकडे बघतात आणि ताटल्या घेऊन धावतात. माझं कौतुकही होतं. मला त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी सांगणार नाही. इथे रोज चिंच लागते, लख्ख असते मी. सांगायचं ते वेगळंच आहे. उद्या तुमच्यावर कुणी विसंबून असेल आणि तुमचं डोकं चालेनासं होईल, तेव्हा शहाणपण सुचायची वाट बघत बसू नका. आधी थांबा म्हणा. दमलेल्यांना घोटभर पाणी पिऊ द्या. तुम्हाला काही सुचलं नाही तरी चालेल, कदाचित त्यांनाच सुचेल. आमच्या लावण्याला ते एक मिनिट मिळालं नाही, आणि आता मला कितीही बडवलं तरी ते तिला मिळायचं नाही.