चढाई चालू असताना स्वागत

नांदेडच्या त्या विद्यापीठानं स्वतःचं क्रीडा रेडिओ केंद्र काढलं, तेव्हा त्याचं उद्घाटन तीनदा झालं. पहिल्यांदा पाहुणे आले, वीज गेली. दुसऱ्यांदा वीज आली, पाहुणे भोकरला लग्नात अडकले. तिसऱ्यांदा दोघंही आले, आणि सत्कार इतका लांबला की ज्या क्रिकेट सामन्यानं प्रसारण सुरू व्हायचं होतं, त्यातले खेळाडू तोवर जेवायला बसले होते. केंद्राचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे त्याच दिवसाचं पुनःप्रसारण.

कारण आपल्याकडं माणूस मैदानात शिरला की त्याचं नाव घ्यावं लागतं. उशिरा घेतलं तर तो रुसतो, आणि राहिलंच तर त्याचं अख्खं गाव रुसतं. त्यामुळं 'क्रीडानाद' या केंद्रावर आजवर एकही गोल ऐकू आला नव्हता. गोल व्हायचे, पण नेमकं तेव्हाच कुणाचं तरी हार्दिक स्वागत चाललेलं असायचं. केंद्र अर्धापूरच्या केळीबागांपर्यंत ऐकू जायचं. तिकडं फुटबॉल हा पाहुण्यांनी येऊन बसायचा खेळ आहे, असा लोकांचा पक्का समज झाला होता.

मुदखेडची मंजुश्री या केंद्रावर समालोचन करायची. मुंबईच्या एका वाहिनीला कबड्डीसाठी मराठी समालोचक हवे होते. अट साधी होती. खऱ्या सामन्यातल्या एका चढाईचं समालोचन पाठवायचं, प्रसारित झालेलं, सलग, मध्ये न तुटलेलं. चढाई ती केवढी, अर्ध्या मिनिटाची. मंजुश्रीकडं दोन वर्षांची ध्वनिमुद्रणं होती आणि त्यांत धड एक चढाई नव्हती. खेळाडू दम धरून निघायची, मध्ये माजी सभापती यायचे, आणि ती परत आली का तिकडंच राहिली हे कुणालाच कळायचं नाही.

मुदत सोमवारी संपत होती. शनिवारी मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना होता, मुदखेड विरुद्ध लातूर. म्हणजे हीच शेवटची संधी.

तिनं केंद्रप्रमुख शिवप्पा सरांना गाठलं. सर मूळचे उदगीरचे, भूगोलाचे. केंद्र कुणाकडं द्यायचं याची बैठक झाली त्या दिवशी ते रजेवर होते, म्हणून केंद्र त्यांच्याकडं आलं. शेवटच्या पाच मिनिटांत एकही नाव घ्यायला लावणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. चहाही पाजला.

शनिवारी गुण बरोबरीत, शेवटची चढाई, मुदखेडची उज्वला आत शिरली, आणि फाटकातून मल्लिकार्जुनअप्पा आले. लातूरचे फर्निचरवाले. केंद्रातल्या झाडून सगळ्या खुर्च्या त्यांनीच दान दिलेल्या.

"अप्पांचं नाव घे," सर कुजबुजले.

"सर, चढाई चालू हाय."

"चढाई उद्या बी होईल. अप्पा उद्या येतेत का?"

मंजुश्रीनं ऐकलं नाही. ती बोलतच राहिली. अप्पांनी व्यासपीठाकडं जायला जवळची वाट धरली, आणि ती मैदानाच्या मधून जात होती. लातूरच्या पोरींची साखळी घट्ट होती, पण आपल्या गावचे अप्पा दिसताच मधल्या दोघींनी हात सोडून नमस्कार केला. उज्वलानं एकीला शिवलं, वळताना अप्पांनाही शिवलं आणि मध्यरेषा गाठली. पंचानं भांबावून दोन बोटं वर केली. मंजुश्रीनं मात्र अप्पांना हात लागला तेव्हाच दिसलं ते सांगितलं होतं. "अप्पा बाद."

आणि तिथंच सरांनी माइकचं बटण खाली ओढून विद्यापीठ गीत लावलं होतं. ध्वनिमुद्रणात उज्वला मध्यरेषेकडं वळते आणि एकदम कोरस सुरू होतो.

संध्याकाळी अप्पांनी टेम्पो पाठवून खुर्च्या परत नेल्या. रेडिओवर जाहीर माफी मागितल्याशिवाय खुर्ची मिळणार नाही, असा निरोपही टेम्पोवाल्यानंच दिला.

"काय बोलू लालीस तू त्या वक्ताला, काही कळलं का तुला?" सर उभ्याउभ्याच म्हणाले. बसायला काही नव्हतं. "उद्या माफी माग. नुसतं चुकलं म्हण अन् संपव."

मंजुश्री अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाली, की चूक कोणती ते सांगितलं नाही, तर लोकांना वाटंल अप्पांनीच काहीतरी केलं. सरांना ते पटलं.

रविवारी माफीच्या वेळी केंद्राकडं चिटपाखरूही फिरकलं नाही. माफीला हजर होते, असं आपलं नाव यावं हे कुणालाच नको होतं. शिपायानं दार बाहेरून ओढून घेतलं. सर कोपऱ्यात उभे राहून जमिनीकडं बघत होते. मंजुश्रीनं माइक जवळ घेतला.

"काल सामना बरोबरीत असताना उज्वला दम धरून आत शिरली. डावीकडं झुकली, बोनस रेषेवर पाय टेकवल्यासारखं दाखवून मागं आली. साखळी पुढं सरकली. तेवढ्यात मैदानात आदरणीय मल्लिकार्जुनअप्पा. दोन हात सुटले, नमस्कारासाठी! उज्वला घुसली, खांद्याला स्पर्श, गिरकी, अप्पांच्या कोपराला स्पर्श, मागून पकड आली, घोट्याला हात लागला, तिनं अंग झोकून दिलं आणि बोटं मध्यरेषेवर! दोन गुण, मुदखेड विजयी. यात अप्पांना बाद म्हटल्याबद्दल केंद्र दिलगीर आहे."

केंद्राच्या इतिहासात पहिल्यांदा एक चढाई जाऊन परत आली होती.

सरांनी मान वर केली. बराच वेळ त्यांना काहीतरी टोचत होतं.

"अगं, एवढं सगळं सांगितलंस, अन् कुलगुरूंचं नाव राहिलं की. परत करावं लागतंय हे."

"करू की सर," मंजुश्री म्हणाली. माफीच्या ध्वनिमुद्रणाचा पेनड्राइव्ह तोवर तिच्या ओढणीच्या गाठीत गेला होता.